झील कुठं धरायची

माझ्या लग्नात डीजे लागणार नाही, हे मी साखरपुड्याच्या दिवशीच सांगून टाकलं होतं. हळदीला तर नाहीच नाही. आपल्या अंगाला हळद लागतेय आणि कानाशी सिनेमातलं धांगडधिंग्याचं गाणं आदळतंय, हे मला सोसणारं नव्हतं. मी उमरग्याच्या एका शाळेत गणित शिकवते. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं मुलंही म्हणतात आणि त्यांचे आईबापही. त्यामुळे घरात कुणी फार वाद घातला नाही. फक्त आप्पांनी, माझ्या वडिलांनी, हळूच विचारलं, "मग हळदीला गाणार कोण?"

प्रश्न बरोबर होता. आमच्या गावात, मुरुममध्ये, आमच्या गल्लीत हळदीची गाणी म्हणावीत तर दोघींनीच, एक माझी आई महादेवी आणि दुसरी तिची थोरली जाऊ शांताक्का. थोरल्या काकूला आमच्याकडं दोडव्वा म्हणतात. कर्नाटकची हद्द जवळ, त्यामुळे नात्यांची निम्मी नावं तिकडचीच. तर दोडव्वानं ओळ उचलायची आणि आईनं झील धरायची. झील धरायची म्हणजे पहिलीची ओळ संपता संपता तिच्याच सुरात शिरायचं आणि गाणं पुढं न्यायचं. दोडव्वा श्वास घ्यायची तो आईच्या आवाजाखाली, आई घ्यायची तो दोडव्वाच्या. ऐकणाऱ्याला वाटायचं, एकच बाई न थांबता गातेय. लहानपणी मी त्या दोघींच्या मध्ये बसून कोण कुठं थांबतं ते पकडायचा प्रयत्न करायचे, पण मला कधी सापडलं नाही.

आणि गेली तीन वर्षं त्या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

कारण सांगितलं तर कुणालाही हसू येईल. गल्लीतल्याच एका लग्नात दोडव्वा गात होती आणि ओळ अर्ध्यात असताना आईनं झील धरली. भरल्या मांडवात. दोडव्वा तिथल्या तिथं उठली आणि घरी गेली. तिचं म्हणणं, "माझ्या तोंडातनं ओळ हिसकून घेतली हिनं. म्हातारी झाले म्हणून." आईचं म्हणणं, "त्या थांबल्या म्हून म्या धरली. गाणं तुटू द्यायचं का?" दोघींनाही समजवायला बायका गेल्या, पाहुणे गेले, मठातले स्वामी गेले. दोघीही सगळ्यांना चहा पाजून परत पाठवत. गंमत म्हणजे आप्पा आणि दोडप्पा, म्हणजे त्यांचे नवरे, एकाच आडत दुकानात रोज मांडीला मांडी लावून बसत होते. घरं समोरासमोर. एकीची रांगोळी संपते तिथं दुसरीची सुरू होते. पण बोलणं बंद.

मला माझ्या हळदीला त्या दोघींचं गाणं हवं होतं. एकीचं नको, दोघींचं. आता हा हट्ट म्हणा किंवा माज म्हणा, पण मला दुसरं काही नको होतं. दागिने आईनं ठरवले, साड्या सासरच्यांनी, हॉल आप्पांनी. एवढी एक गोष्ट माझी होती.

दोघी एका खोलीत बसणार नाहीत हे नक्की होतं. मग दोघींना वेगवेगळं बसवलं तर? आमच्या शाळेत संगीताच्या सरांनी प्रार्थना अशीच रेकॉर्ड केली होती. मी त्यांना विचारलं. त्यांनी संगणकावरच्या एका सॉफ्टवेअरचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "फुकट आहे, नवख्या माणसासाठीच बनवलंय, घाबरू नका." घाबरायची मला सवय नाही. तरी रेकॉर्डिंग म्हटलं की शंभर बटणांचं भलंमोठं टेबल आणि काचेपलीकडचा गंभीर माणूस डोळ्यासमोर येतो, हे खरं.

ते सॉफ्टवेअर उघडलं आणि मी त्याच्या प्रेमात पडले. हे मी अगदी जबाबदारीनं लिहितेय. ज्यानं कुणी ते बनवलं, त्याला एकदा घरी बोलावून हुग्गी, आमच्याकडची गव्हाची खीर, खाऊ घालावी असं मला वाटतं. उघडल्याबरोबर ते शहाण्यासारखं विचारतं, काय करायचंय? गायचंय, वाजवायचंय की नुसतं बोलायचंय? गायचंय म्हटलं की पडद्यावर एक आडवी पट्टी मांडून देतं आणि एक लाल बटण. बाकी सगळं झाकलेलं. लागेल तसं उघडा, नाहीतर नका उघडू. मी शिकवते तेव्हा मला हेच जमत नाही, पहिल्याच तासाला मी सगळं पुस्तक पोरांच्या अंगावर टाकते.

लाल बटण दाबलं की आधी टक टक असे चार ठोके देऊन तयार व्हायला वेळ देतं. बोललं की पट्टीवर डोंगरासारखी रेघ उमटत जाते. मोठ्यानं बोललात तर उंच, गप्प बसलात तर सपाट. दुसरा आवाज घ्यायचा तर खाली दुसरी पट्टी, वेगळ्या रंगाची. पहिला कानात ऐकायचा आणि त्यावर दुसरा गायचा. दोन्ही एकदम ऐका, नाहीतर एकाचं तोंड बंद करून दुसऱ्याचं ऐका. अशी सोय लग्नघरात कुणाला नको असते?

शिवाय चूक झाली की मागं जा. कितीही मागं जा. ते कधीही तोंड वाकडं करत नाही.

खोली मात्र नीट हवी होती. घरात बोललं की भिंतीवरून आवाज परत येत होता, आणि बाहेर दिवसभर टमटम. शेवटी आप्पांच्या आडतीचं गोदाम सापडलं. फाल्गुनाचे दिवस, तुरीची आणि हरभऱ्याची पोती छतापर्यंत लागलेली. पोत्यांच्या मधल्या बोळात उभं राहून मी टाळी वाजवली तर ती तिथंच विरली. आवाज घुमू नये म्हणून लोक भिंतीला लावायला ऑनलाइन महागाचा फोम घेतात, आमच्याकडं तूर होती. मी एक छोटा माईक मागवला, लॅपटॉप वजनकाट्यावर ठेवला आणि हमालांना सांगितलं, दुपारी जेवायच्या वेळेत इकडं फिरकायचं नाही.

पहिल्यांदा दोडव्वाला आणलं. तिला मी खरं ते सांगितलं होतं, "तुमचं आधी घेते, आईचं नंतर. तोंड बघायची गरज न्हाय." ती म्हणाली, "पोरगी लई आगाऊ हाय," आणि चपला घालून निघाली. माझ्यावर तिचा जीव होता. मी तिच्याच पाळण्यात वाढलेली, आईपेक्षा तिच्याच मांडीवर जास्त.

गोदामाचं अंतर ते केवढं. तरी ती वाटेत मारुतीच्या पारावर टेकली. "चप्पल चावतीय," म्हणाली. आत आल्यावर पोत्यावर बसूनच गायली. पूर्वी ती उभ्यानं गायची, एक हात कानावर ठेवून. मला वाटलं, माईकसमोर अवघडली असेल.

"पहिली हळद गं बाई, बसवेश्वराच्या नावाची
दुसरी हळद गं बाई, लेक लाडकी गावाची..."

आवाज तोच. थोडा खरखरीत झालेला, पण तोच. मी मुद्दाम पडद्याकडं बघत राहिले. एक कडवं झालं की ती म्हणायची, "थांब जरा, पुन्हा घेऊ." मग पाणी. मग पुन्हा. मला घाई नव्हती आणि सॉफ्टवेअरला तर नव्हतीच. जेवढी ओळ पुन्हा हवी तेवढीच निवडायची, बाकीच्याला धक्का लागत नाही. मध्येच लाईट गेली, आणि बॅटरी गेलेल्या माझ्या जुन्या लॅपटॉपनंही लगेच मान टाकली. दोडव्वा म्हणाली, "गेलं का सगळं? म्या न्हाय आता पुन्हा गायची." लाईट आली, लॅपटॉप सुरू केला, तर ते सॉफ्टवेअर स्वतःहून विचारतंय, अर्धवट राहिलेलं परत आणू का? शेवटच्या शब्दापर्यंत सगळं जागेवर होतं. दोडव्वानं पडद्याला हात लावून तो हात कपाळाला लावला. मला त्यात काही गैर वाटलं नाही.

घरी आल्यावर मी ते साफ करायला बसले. आधी गोदामाच्या छतातल्या पारव्यांची घूं घूं. दोन क्षणांची नुसती शांतता निवडून दिली की ते त्यातला आवाज शिकतं आणि सगळ्या गाण्यातून तो पुसतं. मग आवाजाला थोडा घुमारा दिला. त्याच्याही तयार याद्या, छोटी खोली, मोठं देऊळ, डोंगरातली गुहा. मी देऊळ निवडलं. आणि मग मला एक बटण दिसलं, श्वास हटवा. शिकवणाऱ्या व्हिडिओतला मुलगाही तेच सांगत होता, श्वासाचे आवाज काढले की गाणं एकदम कंपनीतून आल्यासारखं वाटतं. दोडव्वाच्या पट्टीवर ओळींच्या मध्ये बारीक बारीक झुडपं होती, ते तिचे श्वास. बटण दाबलं, झुडपं गेली, जमीन सपाट. मला केवढा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईला गोदामात नेलं. ती आधी दहा कारणं सांगत होती, पण हेडफोन घालताना पदर नीट केला, म्हणजे तयारी होती. लाल बटण दाबलं. कानात दोडव्वा सुरू झाली. आईनं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. असं बऱ्याचदा झाल्यावर मी बटण बंद केलं.

"काय झालं?"

"हिला श्वासच न्हाय," आई म्हणाली. "म्या झील कुठं धरू?"

"ओळ संपली की धर की. 'नावाची' झालं की तू सुरू कर. एवढं काय अवघड हाय?"

"ओळ संपल्यावर धरतेत व्हय? मग ती झील कसली, ते रेल्वेचे डबे जोडल्यावानी हुतंय. अक्का श्वास घ्यायच्या आदी जरा अशा... बारीक हुतेत. तिथं शिरायचं असतंय. हे काय भलतंच केलंयस तू? ही बाई मेल्यावानी गातीय."

माझं डोकं तापलं. रात्रीचा दिवस केला नव्हता, पण निगुतीनं बसून केलं होतं. मी म्हटलं, तुला न गायला निमित्त पाहिजे. ती म्हणाली, तुला हळदीपरीस यंत्राचं कौतुक जास्त हाय. दोघीही खरं बोलत होतो, थोडंथोडं. शेवटी मी चिडूनच लॅपटॉप ओढला आणि श्वास परत आणले. कारण ते सॉफ्टवेअर मूळ आवाज कधी पुसतच नाही, वरून फक्त झाकण ठेवतं. झाकण काढलं की खाली सगळं जसंच्या तसं. त्याच्या या गुणाला मी कितीही नावाजलं तरी कमीच पडेल.

आईनं पुन्हा हेडफोन लावले. मी लाल बटणाकडं हात नेला तर तिनं माझा हात धरला.

"नुसतं ऐकू दे."

ती ऐकत होती. मी पडद्यावर बघत होते. झुडपं परत आली होती, आणि आता मी गणिताच्या बाईसारखं बघितलं तेव्हा मला दिसलं, ती फक्त ओळींच्या मध्ये नव्हती. ती ओळींच्या पोटात होती. 'गं बाई'च्या नंतर एक. 'बसवेश्वराच्या' शब्दाच्या मधोमध एक. 'लेक'नंतर एक. पुढच्या पुढच्या कडव्यांत तर दाटच होत गेली होती.

"हे पुन्हा लाव. एवढंच," आई म्हणाली. तेवढाच तुकडा फिरत राहील अशीही सोय होती. मी लावून दिली. पहिली हळद गं बाई, श्वास. पहिली हळद गं बाई, श्वास. आई डोळे मिटून पोत्याला टेकली होती.

"'गं बाई'ला अक्का कदी थांबत न्हवत्या," ती म्हणाली. "सबंद ओळ एका दमात. वर त्यातनंच मला डोळ्यानं खुणवायच्या, चहा ठेव म्हून. तीस वरसं बसले म्या त्यांच्या शेजारी. त्या लग्नात हितंच थांबल्या व्हत्या त्या. ह्याच जागी. म्या म्हनलं आज हितं सोडतेत, म्हून धरली." तिनं डोळे उघडले. मग म्हणाली, "त्यांनी सोडली न्हवती. त्यांना दम पुरला न्हाय."

मला पारावरची चप्पल आठवली, पोत्यावर बसून गाणं आठवलं, आणि 'थांब जरा, पुन्हा घेऊ' आठवलं. मी एवढी तिच्याजवळ बसून होते आणि तिचा श्वास मी कचरा म्हणून काढून टाकला होता. माझी मलाच शरम वाटली.

"बटण दाब," आई म्हणाली.

तिनं झील धरली. एकदम, मधे न थांबता, सगळं गाणं. दोडव्वाचा श्वास जिथं जिथं तुटत होता तिथं तिथं आईचा आवाज आधीच येऊन उभा होता. ओळीच्या मध्ये, शब्दाच्या मध्ये, मिळेल तिथं. मग तिनं हेडफोन काढून वजनकाट्यावर ठेवले, चपला घातल्या आणि तरातरा चालू लागली. लॅपटॉप तसाच उघडा टाकून मी मागं धावले.

दोडव्वा दारात मेथी निवडत बसली होती. आईला आपल्या पायरीवर बघून तिच्या हातातली जुडी तशीच राहिली. तीन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य आई काय बोलते म्हणून मी श्वास रोखला होता.

"अक्का, जिना चढताना बी असंच हुतंय का?"

दोडव्वा आधी माझ्याकडं बघत राहिली, रागानं, मी काहीतरी चोरून नेल्यासारखं. मग मेथीकडं. "जिना चढतच न्हाय म्या," ती म्हणाली. "खालीच झोपते. ह्यांना सांगितलंय गुडघं दुखतेत म्हून."

"कवापासनं?"

"लई दिवस झालं."

"आन कुणाला बोलला न्हाई."

"कुणाला बोलू?" दोडव्वा म्हणाली. "तुला बोलले असते."

आई पायरीवर बसली आणि मेथी निवडायला लागली. दोघीही रडल्या नाहीत. मीच आत जाऊन तोंड धुऊन आले.

उमरग्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि सोलापूरला पाठवलं. सोलापूरला कळलं की हृदयाची एक झडप अरुंद झालीय. ऑपरेशन करावं लागेल, होऊन जातं, घाबरायचं कारण नाही, पण अजून अंगावर काढलं असतं तर अवघड होतं. तारीख माझ्या लग्नानंतरची मिळाली. तोवर गोळ्या, मीठ कमी, जिना बंद आणि गाणं पूर्ण बंद. "गाणंबी?" दोडव्वानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, गुणगुणायचंसुद्धा नाही. दवाखान्यात प्रत्येक वेळी तिच्याबरोबर आई गेली. दोडप्पांना गाडीत पुढं बसवायची आणि या दोघी मागं. पण त्या लग्नाबद्दल, त्या हिसकलेल्या ओळीबद्दल दोघींपैकी कुणीही चकार शब्द काढला नाही. आजारपणाचं बोलणं सुरू झालं होतं, भांडण तसंच मध्ये बसून होतं. दोडव्वा अजून आईच्या हातचा चहा घेताना कप तिच्या हातातून घेत नव्हती. आधी खाली ठेवू द्यायची, मग उचलायची.

हळदीच्या दिवशी अंगणात मांडव होता. मी पाटावर, दोडव्वा आणि आई माझ्या दोन बाजूंना. गल्लीतल्या बायका जमल्या आणि सगळ्यांना वाटलं आता गाणं नाही, कारण दोडव्वाला मनाई आहे हे सगळ्यांना माहीत होतं. मी आतेबहिणीला खूण केली. तिनं स्पीकर लावला.

मी त्या गाण्याला दुसरं काही केलं नव्हतं. देवळाचा घुमारा काढून टाकला होता, पारवे पुसले होते, श्वास ठेवले होते. पहिली हळद गं बाई... कुणीतरी म्हणालं, दोघींची जोडी बघा कशी. दोडव्वानं स्वतःचा आवाज असा बाहेरून कधी ऐकलाच नव्हता. ती मान खाली घालून ऐकत होती. आपण कुठं थांबलो हे तिला पाठ होतं, आणि ती जागा जवळ आली की तिचे खांदे आखडत होते, आता तुटणार, आता सगळ्या बायकांना कळणार. पण ते तुटत नव्हतं. प्रत्येक वेळी आई तिथं होती. पाच कडवी झाली आणि मांडवातल्या एकाही बाईला काही कळलं नाही. दोडव्वाला मात्र एकेक जागा कळत होती.

शेवटच्या कडव्याला तिनं मान वर केली.

"महादेवी," ती म्हणाली. तीन वर्षांत तिच्या तोंडून हे नाव मी ऐकलं नव्हतं. "त्या दिवशीबी तू अशीच धरली हुतीस?"

"व्हय अक्का."

"मला सांगायचं तरी."

"तुमी ऐकलं असतं का?"

दोडव्वानं समोरची हळदीची वाटी उचलली, दोन बोटं बुडवली, माझ्या गालाला लावली आणि वाटी आईच्या हातात दिली, खाली न ठेवता.